भाक्रा की टिहरी? एकच बघायचं असेल तर

उत्तरेच्या सहलीत वीजप्रकल्पासाठी एकच दिवस काढता येणार असेल, तर माझं मत भाक्र्याला. शाळकरी मुलं बरोबर असतील तर जास्तच.

सतलजवरचं भाक्रा धरण काँक्रीटचं, 226 मीटर उंच, आणि दोन्ही वीजघरं भिंतीच्या पायथ्याशी, नदीच्या एकेका काठाला. मागे पाणी, खाली वीजघर, तिथून निघालेल्या तारा. वीज कुठून येते हे मुलांना बोटाने दाखवता येतं. टिहरीचं 1000 मेगावॅटचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे, आपल्या कोयनेसारखं. धरण 260 मीटरचं, म्हणजे भाक्र्याहून उंच. पण दगडमातीचा पसरट भराव असल्यामुळे ती उंची अंगावर येत नाही.

शिवाय पंजाबातल्या नंगलहून भाक्र्याला जाणारी आगगाडी. बांधकामाच्या काळातली, 1948 पासूनची. तेरा किलोमीटरचा प्रवास, लाकडी बाकं, तिकीट नाही. कामगारांसोबत आसपासचे गावकरीही तिच्यातून ये-जा करतात. धरणावर जायला नंगलला परवानगी काढावी लागते. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा आणि सकाळीच पोहोचा. नांदेडच्या मंडळींनी आनंदपूर साहिब जोडून घ्यावं. ते जवळच आहे, आणि भाक्र्याच्या जलाशयाचं गोविंदसागर हे नावही गुरू गोविंदसिंगांवरूनच आलेलं.

ऋषिकेशला मुक्काम असेल तर मात्र उगाच पंजाबपर्यंत धावू नका, उत्तराखंडातल्याच चंबामार्गे टिहरीला जा. भागीरथी-भिलंगनेच्या संगमावरचं जुनं टिहरी गाव वाचावं म्हणून पर्यावरणवादी सुंदरलाल बहुगुणांनी उपोषणं केली. 2005 साली नदीचं पाणी वळवणारा शेवटचा बोगदा बंद झाला आणि गाव पाण्याखाली गेलं. वर डोंगरावर वसवलेल्या नव्या टिहरीत जुन्या घंटाघराची प्रतिकृती उभी आहे. आधी ती बघा, मग जलाशयाकडे वळा.

भरलेलं पाणी बघायचं असेल तर दोन्हीकडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. भाक्र्याला मी तरी उन्हाळाच सुचवेन. गोविंदसागराचं पाणी उतरतं तेव्हा बुडालेल्या हिमाचलातल्या जुन्या बिलासपूरची देवळं उघडी पडतात, गाळात रुतलेली, शिखरांसकट. तिथून उठलेली कितीतरी कुटुंबं पार हरियाणातल्या हिसारकडे वसवली गेली. वीजघर दाखवलंत की मुलांना ही देवळंही दाखवा.