मोबाईलचं रेडिएशन थांबवणारी चिप विकणारे पुन्हा फिरतायत, घेऊ नका

मोबाईलचं रेडिएशन थांबवते म्हणून एक गोल सोनेरी चिप विकणारी माणसं पुन्हा गावागावात फिरायला लागलीयत, सध्या राजापूर बाजूला आहेत असं कानावर आलं म्हणून हे लिहितोय. माझं कणकवलीत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि ही चिप माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात विकली गेलीय, त्यामुळे जे सांगतोय ते ऐकीव नाही. थोडं लांबेल पण वाचा, आणि ज्यांचे आईवडील गावी एकटे असतात त्यांनी तर घरी फोन करून सांगाच.

आत्याचं घर देवगड तालुक्यात. वाडीच्या वर सड्यावर नवीन टॉवर उभा राहिला. इतकी वर्षं रेंज नाही म्हणून बोंब होती, मुंबईला फोन लावायचा तर वरच्या कलमाच्या बागेत जायला लागायचं, आणि टॉवर आला तसं दुसरंच सुरू झालं, टॉवरमुळे कॅन्सर होतो, आंब्याचा मोहर गळतो, गाभण म्हशीला त्रास होतो, जो तो काहीतरी ऐकून आलेला. लोक घाबरलेले होते आणि काजू बी विकून हातात पैसे पण आलेले, बरोबर त्या दिवसांत दोघे जण वाडीत आले. चांगले मालवणीत बोलणारे, गळ्यात पट्टा आणि कार्ड, आणि सोबत गावातलीच बचत गटातली एक बाई. त्या बाईमुळे घराघरात पडवीपर्यंत सोडा, थेट माजघरापर्यंत प्रवेश मिळाला.

त्यांच्याकडे एक फाईल होती, लॅमिनेशन केलेली कात्रणं. आणि त्यातल्या बातम्या खऱ्या होत्या, हे नीट लक्षात घ्या. २०१२ मध्ये राजस्थान हायकोर्टाने शाळा आणि हॉस्पिटलजवळचे टॉवर हलवायला सांगितलेले ते खरं आहे. २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका कॅन्सर पेशंटच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने तिथला एक टॉवर बंद करायला सांगितला ते पण खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाईलच्या लहरी 'कॅन्सर होण्याची शक्यता असू शकते' अशा गटात टाकल्या, तेही खरंच. फाईव्ह जी विरोधात जूही चावला कोर्टात गेल्या ती बातमी पण होती, फक्त पुढचं पान नव्हतं. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये तो दावा फेटाळला आणि २० लाख दंड लावला, जो नंतर २०२२ मध्ये २ लाखांवर आणला, हे त्या फाईलमध्ये कुठेच नाही. त्यामुळे आत्याला कोण अडाणी म्हणाला तर मला राग येतो. तिच्यासमोर कोर्टाच्या खऱ्या बातम्या ठेवल्या होत्या, आणि त्याच हाताने त्यांच्या शेजारी खोटी वस्तू ठेवली.

आता तो डेमो, कारण खरी फसवणूक तिथेच आहे. त्यांच्याकडे एक छोटा मीटर होता, लाल-हिरव्या लाईटचा, आवाज करणारा. माजघरात उभं राहून त्याने वहिनीच्या फोनवरून कॉल लावायला सांगितला (वहिनी म्हणजे आतेभावाची बायको, तेव्हा तिला सातवा महिना होता, आतेभाऊ मुंबईला नोकरीला). मीटर फोनजवळ नेला तर लाल लाईट आणि नुसता टीं टीं टीं. मग म्हणाला आता चिप लावतो, चला बाहेर खळ्यात, उजेडात सगळ्यांना दिसूदे. खळ्यात येऊन चिप चिकटवली, मीटर परत धरला, तर हिरवा. आत्या मला फोनवर ठासून सांगत होती, "अरे मीटर लाल होतो, तेणा चिप लावल्यान आणि हिरवो झालो, माज्या डोळ्यांनी बघलंय मी, खोटा कशाक सांगू?"

आत्या खोटं बोलत नव्हती, मीटर खरंच हिरवा झाला. पण कशामुळे? आमची जुनी घरं चिऱ्याची, हात-सव्वा हात जाड भिंती, वर माळा. माजघरात रेंजची एक काडी येते नाहीतर ती पण नाही. रेंज कमी असली की फोनला टॉवरपर्यंत आवाज पोचवायला जास्त जोर लावायला लागतो, तो पॉवर वाढवतो, त्यामुळे मीटर ओरडतो. खळ्यात आलं की समोर सडा, सड्यावर टॉवर, रेंज फुल, फोन आपोआप पॉवर कमी करतो. शिवाय बऱ्याच वेळा कॉल लावताना सुरुवातीला फोन जोरात सिग्नल टाकतो आणि कॉल जोडला की हळूहळू कमी करतो. मी तसलाच मीटर आणून दुकानात मागच्या खोलीतून रस्त्यावर चालत जाऊन बघितलं, चिप न लावता, लाल होता तो हिरवा झालाच. चिपच्या जागी बसचं तिकीट चिकटवलं असतं तरी झाला असता.

तुमच्याकडे कोणी असा डेमो दाखवायला आला तर त्याला एवढंच सांगा की जागेवरून हलू नकोस. त्याच जागी, चालू कॉलवर, चिप लाव आणि काढ, लाव आणि काढ.

त्यांनी वहिनीच्या पोटाकडे बघून जे काही सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, सात महिन्यांच्या बाईला असं बोलायची हिंमत कशी होते हेच कळत नाही मला. पण त्यानंतर आत्याने किंमत विचारली नाही. १,२०० ची एक अशा दोन चिप, वहिनीच्या फोनला ८०० चं कव्हर, बाळासाठी म्हणून २,५०० चं लॉकेट, आणि टॉवरपासून अख्ख्या घराला कवच म्हणून मीटरबॉक्सला लावायचा एक डबा ६,५०० चा. १२,२०० रुपये. काजूचे पैसे होते ते.

मग वहिनीच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत उतरायला लागली, फोन गरम, आवाज तुटतोय. एका रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं, आत्या डॉक्टरना फोन लावतेय तर लागेचना. शेजारच्या मुलाने कव्हर काढलं तेव्हा कॉल लागला. नशीब साधंच दुखणं होतं, पुढे बाळंतपण पण नीट झालं. पण फोन माझ्याकडे आला तेव्हा कव्हर फाडून बघितलं, आत सगळीकडून ॲल्युमिनियमची फॉईल, आणि ती पण बरोब्बर फोनच्या अँटेनावर येणारी. म्हणजे सिग्नल अडवायचा, मग फोन आणखी जोर लावणार, बॅटरी खाणार, आणि ज्या रेडिएशनला घाबरून कव्हर घेतलं तेच वाढणार. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या शील्डबद्दल लोकांना हेच सांगितलेलं आहे. आणि साधी गोष्ट आहे, फोनच्या लहरी म्हणजेच तुमचं बोलणं. कुठली वस्तू त्या पूर्ण अडवत असेल तर फोन लागणार नाही, आणि फोन नेहमीसारखा लागत असेल तर ती वस्तू काही अडवत नाहीये.

चिप पण कापून बघितली. वर सोनेरी प्लॅस्टिकचा थर, त्याखाली गोल गोल रेघांचं चित्र छापलेला कागद, खाली डिंक. सर्किट नाही, तांब्याची तार नाही, काही नाही. घराच्या डब्यात एलईडी आणि एक छोटा कॅपॅसिटर. लॉकेट मात्र टेबलावर ठेवलं तसे माझ्या ट्रेमधले बारीक स्क्रू टपाटप उडून त्याला चिकटले. आत लोहचुंबक आहे, चांगला जोरदार.

हे लॉकेट वाडीतल्या एका रिटायर गुरुजींना पण विकलं होतं आणि त्यांना पेसमेकर बसवलेला आहे. छातीवर घालायला सांगितलेलं! मी कळल्याबरोबर फोन करून काढायला लावलं. लोहचुंबक जवळ आला की पेसमेकरचं काम बदलू शकतं, मोबाईल आणि चुंबकाच्या वस्तू तिथून निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवा असं डॉक्टर सांगतात. दुसरा एक प्रकार, बंदरावरच्या एका खलाशाने तसलंच चुंबकवालं चकतं फोनच्या पाठी लावलेलं, त्याचा फोनमधला कंपास भलतीच दिशा दाखवत होता. जीपीएस ठीक होतं, पण समुद्रात अंधारात दिशा बघायची तर माणूस आधी त्या बाणाकडेच बघतो. तेव्हा ज्यांच्या घरात पेसमेकरवाला माणूस आहे किंवा कोणी होडीवर जातो, त्यांनी असली वस्तू आधी बाजूला करा, बाकीचं नंतर वाचा. परदेशात तर याहून वाईट निघालंय, नेदरलँड्सच्या सरकारी संस्थेने २०२१ च्या डिसेंबरमध्ये फाईव्ह जी पासून वाचवणाऱ्या म्हणून विकलेल्या लॉकेट, ब्रेसलेटसारख्या दहा वस्तू तपासल्या तर त्या स्वतःच किरणोत्सर्गी होत्या, घालू नका म्हणून सांगायला लागलं.

मग मोबाईलने खरंच काही होतं का, हे आत्याने पण विचारलं. मी डॉक्टर नाही, पण जे पक्कं आहे ते सांगतो. २०११ चा तो गट म्हणजे 'पुरावा मर्यादित आहे पण नाकारता येत नाही' असा गट. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क पण आहे. तंबाखू मात्र पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं, आणि त्यात नुसती ओढायची नाही, खायची आणि दातांना लावायची पण आली. आमच्या वाडीत चिप घेतलेल्या निम्म्या बायका सकाळी मिश्री लावतात, त्या मिश्रीबद्दल घरी येऊन सांगायला कोणी येत नाही कारण ती सोडायला सांगून कोणाला काही विकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच करून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला, त्यात मोबाईल वापरण्याचा आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जाव्यात याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे, आणि टॉवरची मर्यादा तेव्हा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. तुमच्या फोनचा आकडा बघायचा तर डायल पॅडवर स्टार हॅश ०७ हॅश दाबा, फुकट आहे. टॉवरची शंका असेल तर दूरसंचार खात्याचं तरंग संचार पोर्टल आहे, तिथे फी भरून मोजणी करून घेता येते, सगळ्या वाडीने वर्गणी काढली तर कोणाला जड जाणार नाही. तरी भीती वाटतेच तर स्पीकरवर बोला, वायरचे इअरफोन लावा, रेंज नसेल तिथे कानाला लावून तास तास बोलू नका. फोन हातभर लांब गेला की लहरी कितीतरी कमी होतात, त्याला पैसे लागत नाहीत.

कायद्याचं पण सांगतो कारण वाडीत सगळे "आता काय होणार" म्हणून गप्प बसलेले. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत स्पष्ट आहे की असा माल विकणाऱ्याने आधी विचारल्याशिवाय आणि ओळखपत्राशिवाय घरात यायचं नाही, आणि माणसं जोडून पैसे कमवा असली साखळी चालवायची नाही. त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर कंपनीचा पत्ताच नव्हता, आणि पावती म्हणजे पिवळं चिटोरं, ना जीएसटी नंबर ना काही. कॅन्सर बरा होतो, टळतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणा उपचारांच्या कायद्यापासून बंदी आहे. खोट्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. आम्ही १९१५ ला ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, पोलिसात अर्ज दिला, पैसे यूपीआयने कोणाच्या तरी खाजगी नावावर गेलेले त्याचा स्क्रीनशॉट जोडला. त्यांचा नंबर बंद आहे, पैसे अजून आलेले नाहीत. ऑनलाईन पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करायचा असतो, आत्याकडून आम्हाला कळेपर्यंत बरेच दिवस गेले.

मला सगळ्यात वाईट त्या बचत गटातल्या बाईचं वाटतं. लोक आता तिच्याशी बोलत नाहीत, विहिरीवर पण टाळतात. तिला त्यांनी डिस्ट्रिब्युटर करतो म्हणून ९,००० च्या चिप आधीच गळ्यात मारलेल्या, विकल्या तर कमिशन, आणि तिने आपल्या लेकीच्या फोनला पण लावलेली. ज्या बाईने स्वतःच्या पोरीला लावली ती लोकांना फसवायला निघाली होती असं मी म्हणू शकत नाही. ती माणसं प्रत्येक गावात आधी असं एक विश्वासाचं घर शोधतात, राजापूरला पण तेच करत असणार, तेव्हा सोबत ओळखीचं माणूस आहे म्हणून दार उघडू नका.

एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. आम्ही ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात तशी तक्रार करायच्या तयारीत आहोत, आत्या आहे, गुरुजी आहेत, आणि त्या बाई पण साक्ष द्यायला तयार झाल्यायत. सिंधुदुर्गात अजून कोणाकडे ती पिवळी पावती असेल तर फाडू नका, चिप फेकू नका, पाकीट असेल तर ते पण ठेवा, आणि पैसे कुठल्या नावावर गेले त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आयोगापुढे तेच लागणार आहे.