पिशवी १२ वर्षांपूर्वी काढलेली, मशीन म्हणते ठणठणीत आहे

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात. कोळशाच्या गाड्यांचा रस्ता आमच्या धुऱ्याला लागूनच जातो. कापूस वेचून आणला की बायांची बोटं काळी होतात आणि व्यापारी मूठभर कापूस उजेडात धरून भाव पाडतो. त्यामुळे गेल्या पौषात समाजमंदिरावर कारखान्याच्या चिमणीच्या चित्राचं बॅनर लागलं, 'कोळशाच्या धुळीने लिव्हर खराब होते, मोफत तपासणी', तेव्हा कोणालाच त्यात खोटं काही वाटलं नाही. कापूस विकून घरोघरी चार पैसे आलेले असतात तेव्हाच हे लोक आले, हेही तेव्हा डोक्यात आलं नाही.

पांढरा कोट घातलेला एक तरुण होता. त्यानं आधी काय करावं? खिशातला पांढरा रुमाल ओला केला, खिडकीच्या गजावरून फिरवला आणि काळाकुट्ट झालेला तो रुमाल बायांसमोर धरला. "काकू, हे आठ दिवसांचं आहे. तुमच्या लिव्हरवर ४० वर्षांचं किती बसलं असंल?" बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माझ्याही पोटात गोळा आला.

मग लॅपटॉपला वायरनं जोडलेली एक धातूची दांडी आईच्या मुठीत दिली. त्याआधी नाव, वय, वजन, स्त्री की पुरुष हे सगळं विचारून भरून घेतलं होतं. रक्त नाही, लघवी नाही. मिनिटभरात रंगीत रिपोर्ट तयार, आणि लिव्हरच्या रकान्यात लाल शाईत 'गंभीर'. तीन महिन्यांचा पावडरचा कोर्स ७,५०० रुपये, आजच घेतला तर ४,८००. आई म्हणत होती, "मले काई झालं नाई रे, कायले पैसे घालवतं?" तिचं ऐकलं नाही. मी बी.एस्सी. झालेला माणूस, मीच फोनवरून पैसे पाठवले. वरून शेजारच्या तीन घरांना सांगितलं, घेऊन टाका म्हणून.

पाचव्या आठवड्यात आईला चहाचाही वास नको झाला. मळमळ, अंगात त्राण नाही, लघवी गडद पिवळी. त्या तरुणाला फोन केला तर म्हणाला, "विष बाहेर पडतंय, घाबरू नका, डोस वाढवा." असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या आणि दवाखाना गाठा. आम्ही आठ दिवस डोस वाढवला. डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे सरकारी रुग्णालयात नेलं.

रक्ततपासणीत लिव्हरची इजा दाखवणारा एसजीपीटी ६४०, जो साधारण ४० च्या आत असायला हवा. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन ५.२, म्हणजे हवं त्याच्या चौपटीहून जास्त. कावीळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या, काढा, पावडर, काय घेता?" आईनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो नुसता पाहिला आणि पहिलं वाक्य बोलले, हे आजपासून बंद. बंद केल्यावर आकडे उतरत गेले, दोन महिन्यांत आई पूर्ववत झाली. पावडरीमुळेच झालं असं कागदावर शंभर टक्के लिहून देता येणार नाही, पण थांबवल्यावर उतरलं यावरून काय ते समजा, असं ते म्हणाले.

त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मी तो रंगीत रिपोर्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. सहाव्या पानावर होतं: 'गर्भाशय: कार्य सामान्य.' आईची पिशवी १२ वर्षांपूर्वी काढलेली आहे. पोटावर टाक्यांची खूण अजून आहे. स्त्री, अमुक वय, एवढं भरलं की मशीन पुढचं आपल्या मनानं छापते, दांडी कोणाच्याही हातात द्या.

डॉक्टरांना विचारलं, मग धुळीचं सगळं खोटंच का? ते म्हणाले, नाही, त्यातच तर गोम आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोल जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. अशा हवेत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांत फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं, जास्त दिसतं, असं अनेक अभ्यासांत आलं आहे. पण हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. रुमालावर आली ती जाड धूळ, ती बहुतेक नाकाघशातच अडकते. लिव्हरवर कोळशाचा थर बसत नाही, म्हणून खरवडून काढणारी पावडरही नसते. एका माणसाच्या लिव्हरमध्ये धुळीचा वाटा किती, हे कोणतीही दांडी सांगू शकत नाही. आईच्या सोनोग्राफीत पहिल्या पायरीचं फॅटी लिव्हर निघालं. त्यावर सल्ला एवढाच मिळाला: वजन आणि साखर सांभाळा, घरात पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, चूल पेटवू नका. गॅस घरी होताच, पण पाणी तापवायला चूल चालायची. ती आता बंद.

डब्यावर १४ आकडी नंबर होता. तो औषधाचा नसून खाद्यपदार्थाच्या परवान्याचा, हे औषधाच्या दुकानदारानं दाखवलं. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक आणि बॅच नंबर हवा. पक्की पावती मागितली तेव्हा कच्ची चिठ्ठी मिळाली होती, पण फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद राहिली. तिच्या जोरावर ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. पैसे अजून आलेले नाहीत. तो फोन नंबर बंद आहे.

ज्या तीन घरांना मी सांगितलं होतं तिथे रिपोर्ट घेऊन गेलो. एकानं डबा लगेच उकिरड्यावर फेकला. दुसऱ्याच्या घरी तो तसाही कोणी उघडला नव्हता. तिसऱ्या घरचे काकाजी माझं सगळं ऐकून म्हणाले, "आमाले तं फरक पडला बाप्पा." त्यांचा डबा अजून देव्हाऱ्याशेजारी आहे, आणि रोज सकाळी एक चमचा कमी होतो.