पुळणीवरचे घर की झाडांमागचे?

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या लहानशा किनारी गावात चार दिवस साधेपणाने राहायचे ठरवले, की बहुधा दोन प्रकारची घरे समोर येतात. एक थेट पुळणीवरचे, लाकडी खांबांचे, झावळ्यांनी शाकारलेले, जिथून उतरले की पाय वाळूतच पडतो. आणि दुसरे झाडांच्या पट्ट्यामागे, वस्तीत, समुद्रापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवरचे. छायाचित्रांत पहिले घर नेहमीच उजवे ठरते. मात्र मुक्काम सुखाचा होतो तो वारा, पाणी आणि रात्र यांच्यामुळे, आणि या तिन्ही बाबतींत दोन्ही घरांत मोठा फरक पडतो.

दुपारी पुळणीवरच्या घराला तोड नाही. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा खाऱ्या वाऱ्यांच्या रूपाने आत येते. ती या घराला सर्वांत आधी मिळते, तर मागच्या घरापर्यंत पोहोचेतो झाडांनी तिचा जोर अडवलेला असतो. रात्री हेच चित्र उलटते. जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात, तेही तुलनेने मंद. पुळणीवरची बरीच घरे समुद्राच्या बाजूने मोकळी आणि मागून बंद असतात. अशा खोलीत दुपारी पडदे उडतात आणि मध्यरात्री मात्र घामाने उशी भिजते. म्हणून किती खिडक्या समुद्राकडे उघडतात यापेक्षा मागच्या भिंतीला खिडकी आहे का, हे मी आधी विचारतो.

वारा पडला की कीटक येतात. पुळणीवर संध्याकाळी चावणाऱ्या बारीक माश्या इतक्या लहान असतात, की साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही काही आत शिरतात. वस्तीत डासांचा त्रास अधिक, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, तर मलेरियाचा अ‍ॅनॉफिलीस रात्री चावतो. त्यामुळे दाट विणीची, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी दोन्हीकडे हवीच, आणि वस्तीतल्या घरात दिवसाही अंगभर कपडे.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल, तर तिच्याखाली ढोबळमानाने 40 मीटरपर्यंत गोडे पाणी असते. पुळणीजवळ हा थर अगदी पातळ होतो, आणि जास्त उपसा झाला की खालचे खारे पाणी वर चढते. अशा विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि आंघोळीनंतरही अंग चिकट राहते. उकळल्याने जंतू मरतात, पण खारेपणा तसाच राहतो. आतल्या घराचे पाणी बहुधा गोडे असते. तिथे धोका वेगळा, तो म्हणजे दाट वस्तीत शौचखड्डा विहिरीच्या फार जवळ असण्याचा. हे पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवूनच प्यावे.

पुळणीवर राहायचे, तर तिथीकडे लक्ष हवे. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, म्हणून अष्टमीला पाहून पसंत केलेले घर पौर्णिमेच्या रात्री वेगळेच भासू शकते. लाटांच्या आवाजाने काहींना गाढ झोप लागते, तर काहींना मुळीच लागत नाही. हे ज्याचे त्याने ओळखावे.

खारट दमटपणा मात्र कोणालाच सोडत नाही. तिसऱ्या दिवशी काडी ओढावी तर गूल पेटण्याऐवजी पिठासारखा भुरभुरतो, बॅगेची झिप अडकते आणि वहीची पाने मऊ पडतात. लॅपटॉपवर काम करायचे असेल, तर एवढे कारणही आतले घर निवडायला मला पुरेसे वाटते.

अंधाराचाही हिशेब धरावा. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरत असल्याने संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. आतल्या घरी राहणाऱ्याने सूर्यास्त पाहायला जाताना विजेरी बरोबर न्यावी. पुळणीवर राहणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी आहे. त्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालत असतील, तर समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवलेच पाहिजेत, कारण वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने चालू लागतात आणि घराच्या दिव्याने फसली तर समुद्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

माझे मत स्पष्ट आहे. कोरड्या ऋतूत दोन-तीन रात्री राहायचे असेल आणि सोबतचे सगळे धडधाकट असतील, तर पुळणीवरचे घर घ्यावे. तो सहवास दुसरीकडे मिळत नाही. मुक्काम आठवड्याचा असेल, बरोबर लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर झाडांमागचे घर घ्यावे, कारण तिथे रात्री-अपरात्री दुखलेखुपले तर हाकेच्या अंतरावर माणसे असतात.

घर कोणतेही ठरो, मागच्या उधाणाला पाणी कुठवर आले होते, छप्पर केव्हा शाकारले आणि विहीर शौचखड्ड्यापासून किती दूर आहे, हे मालकाला आगाऊ विचारावे. पोहोचल्यावर उजेड असतानाच मच्छरदाणी पूर्ण उलगडून खिडकीसमोर धरावी. तिच्यातली भोके तेव्हाच दिसतात, आणि ती शिवायला सुई-दोरा बरोबर असावा.