फुशिमी इनारी: कोल्ह्याच्या तोंडातली किल्ली

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाचं. नागपुरात येऊन ३५ वर्षं झाली, तरी चिन्नोर तांदूळ अजून घरचाच येतो. म्हणून जपानमधल्या क्योटोचं हे धानाच्या देवाचं देऊळ मला दाखवायचंच, असं ओसाकाच्या लेकीनं ठरवून ठेवलं होतं. दिवाळीनंतर गेलो.

फोटोत सगळे त्या शेंदरी कमानीच दाखवतात. माझे पाय मात्र दारातल्या दगडी कोल्ह्यापाशीच थबकले. त्याच्या तोंडात किल्ली. "आई, धानाच्या कोठाराची आहे," लेक म्हणाली. आमच्या आजीच्या कमरेला अशीच किल्ली असायची, धानाच्या ढोल्या ठेवायच्या खोलीची. नवं धान येईपर्यंत ती कोणाच्या हाती द्यायची नाही. मला तिथंच भरून आलं.

कोल्हा देव नव्हे, देवाचा निरोप्या. कोणाच्या तोंडात धानाची लोंबीही दिसते. देव इनारी, मूळचा भातशेतीचा. पुढं व्यापारीही त्यालाच भजू लागले. देवस्थान ७११ सालचं. लढाईच्या आगीत जळाल्यावर मुख्य मंदिर १४९९ मध्ये पुन्हा उभं राहिलं. समोरचा मोठा दरवाजा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याचा, १५८९ चा. आईच्या दुखण्यासाठी त्यानं नवस केला होता म्हणतात.

देवळामागच्या डोंगरवाटेवर कमानी सुमारे दहा हजार, सगळ्या भाविकांनी दिलेल्या. चढताना त्या कोऱ्या दिसतात, उतरताना खांबांवर देणाऱ्यांची नावं दिसतात. त्यामुळं अर्ध्यातून परतलात तरी मागं वळून बघाच. डोंगर २३३ मीटरचा. रामटेकचा गड चढणाऱ्याला जड नाही, पण पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. यांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही वाटेतल्या योत्सुत्सुजी नावाच्या चौकापाशी बसलो. तिथून खाली क्योटो शहर दिसतं.

तिकीट नाही, दिवसरात्र उघडं. आम्ही सकाळी सहाला पोचलो म्हणून शांतपणे हात जोडता आले. नऊनंतर खालच्या कमानींत पाय ठेवायला जागा नव्हती. क्योटो स्टेशनहून नारा लाइनची साधी लोकल घ्या, दुसरं स्टेशन इनारी. जलद गाडी तिथं थांबत नाही. उतरलं की समोरच देऊळ.

बाहेर इनारी सुशी मिळते, तळलेल्या टोफूच्या पिशवीत आंबटगोड भात. शाकाहारी असाल तर आधी विचारा, तो टोफू बहुतेक वेळा मासळीच्या पाण्यात शिजवतात. मी नुसता चहा घेतला.

१० जूनला देवाच्या बांधीत, म्हणजे देवळाच्या भातशेतात, रोवणी होते, २५ ऑक्टोबरला कापणी. मला रोवणी बघायची आहे. लेकीला आत्ताच सांगून ठेवलंय.