घरचं आर्केड कॅबिनेट, आठ महिन्यांनंतर: सगळं छान, फक्त ती जॉयस्टिक

गेम पार्लरमध्ये असायचं तसं उभं व्हिडिओ गेमचं यंत्र, म्हणजे आर्केड कॅबिनेट, मी घरी बनवलं. एप्रिलमध्ये त्याच्या पहिल्या जॉयस्टिकची डावी बाजू मेली, तेव्हाच हे लिहायला घेतलं होतं. तेव्हा पूर्ण केलं असतं तर जॉयस्टिक-बटणांचं किट विकणाऱ्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता जुलै उजाडलाय, आणि त्यातल्या निम्म्या शिव्या मलाच लागू होतात असं दिसतंय.

सामान सगळ्यांचं असतं तेच. रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर, त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय, दोन झिरो डिले बोर्ड (जॉयस्टिक आणि बटणं यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारे), कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला १९ इंची एलसीडी (दीड हजार, एक बारीक ओरखडा) आणि १८ एमएमचा प्लाय. एमडीएफ स्वस्त पडत होतं, पण डोंबिवलीच्या पावसात शेजाऱ्यांचं चपलांचं एमडीएफ कपाट खालून पावासारखं फुगलेलं रोज जिन्यात बघतो, त्यामुळे तो मोह झाला नाही. मिस्त्रीला नकाशा दाखवला तर म्हणाला, "साहेब, हा देव्हारा आहे की पानटपरी?" पण माणूस हुशार. रुंदी २४ इंचांच्या वर जाऊ दिली नाही, आधी बेडरूमचं दार मोजून आला. मी मोजलं नव्हतं. जॉयस्टिक आणि बटणं बसतात त्या पॅनलची उंची मात्र मी माझ्या कोपराच्या हिशोबाने ३८ इंच घेतली, त्यामुळे आठ वर्षांचा भाचा पाटावर उभा राहून खेळतो.

बटणांबद्दल तक्रार शून्य. प्रत्येकाला सहा घेतली, कारण स्ट्रीट फायटर टू ला सहा लागतात. आठ महिन्यांत स्ट्रीट फायटर चार वेळा लावला असेल. बाकी सगळा वेळ मुस्तफा. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण आमच्या पार्लरमध्ये त्या नावाने मागितला असता तर मालकाने बाहेर काढलं असतं. त्याला बटणं लागतात दोन. उरलेली चार माझ्या पैशांनी शोभेला बसली आहेत.

आता जॉयस्टिक.

बायको एकच गेम खेळते, पॅकमॅन, चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खायचा. आणि पहिल्या दिवसापासून तिची एकच तक्रार: "मी वर म्हणते, हा जातो उजवीकडे. तुझं यंत्रच मला मारतंय." मी आधी म्हणालो सवय होईल. मग म्हणालो बोर्ड हळू असेल, नावात झिरो असलं म्हणून काय झालं. वायरी बदलल्या, दोन्ही बोर्डांची अदलाबदल केली. मॉनिटरवरही ढकलून पाहिलं, कारण पॅकमॅन उभ्या स्क्रीनचा गेम आणि आमचा मॉनिटर आडवा, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आणि मध्ये तो बिचारा आक्रसलेला. पण लहान दिसणं वेगळं आणि भुताच्या तोंडात जाणं वेगळं.

मग एप्रिल. डावीकडचा स्विच मेला. विक्रेत्याला फोटो आणि व्हिडिओ पाठवले. चार दिवसांनी उत्तर: "सर, जॉयस्टिक कंझ्युमेबल आयटम आहे, वॉरंटीत येत नाही. नवीन ६५० ला मिळेल." जॉयस्टिक कंझ्युमेबल, मग वॉरंटी कशाची दिलीत? खोक्याची? त्यावर दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पॅनलचे सहा स्क्रू काढले, जॉयस्टिक बाहेर घेतली आणि स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने चाळीस रुपयांत नवा मायक्रोस्विच डकवून दिला. इथवर माझी बाजू शंभर टक्के खरी.

पण त्याच्या टेबलावर जॉयस्टिक उलटी पडलेली असताना खालची पांढरी प्लास्टिकची चौकट पहिल्यांदा नीट दिसली. दांड्याचं खालचं टोक या चौकोनी भोकात फिरतं. चौकोन सरळ बसवला की दांडा चारही कोपऱ्यांत जातो, आणि कोपऱ्यात एकाच वेळी दोन स्विच दाबले जातात, वर आणि उजवा. म्हणजे आठ दिशा. तोच चौकोन ४५ अंशात फिरवला की कोपरे बरोबर वर-खाली-डावी-उजवीकडे येतात आणि तिरकं जाताच येत नाही. १९८० चा पॅकमॅन मुळात चार दिशांच्याच दांड्यावर चालायचा. त्यात वळण यायच्या आधीच दांडा ढकलून ठेवायचा असतो. त्या घाईत बायकोचा हात जरासा तिरका पडला की दोन स्विच लागत होते, आणि कुठला ऐकायचा ते गेम ठरवत होता. म्हणजे यंत्रच मारत होतं. पाच महिने ती बरोबर बोलत होती आणि मी वायरी बदलत होतो. चौकट फिरवायला लागले वीस सेकंद, स्क्रू सोडून. किटसोबत आलेल्या चिठोऱ्यावर याबद्दल एक ओळ नाही, ही शिवी मात्र मी परत घेणार नाही.

त्या रात्री बायकोने माझा स्कोअर मोडला. दुसऱ्या दिवशी मी मुस्तफा लावला आणि मुस्तफा कवायतीतल्या पोरासारखा काटकोनात चालायला लागला. तिरकं सरकून मागून फटका मारणं, म्हणजे अर्धा गेम, गायब.

महिनाभर पॅनल उघडझाप केलं. प्लायमधली स्क्रूची भोकं सैल झाली, त्यात आगपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकल्या. मग तडजोड: पहिली जॉयस्टिक आठ दिशांची, दुसरी चार दिशांची, पॅकमॅन दुसऱ्या बाजूने. यातही मेख निघाली. दोन्ही बोर्ड सारखेच, त्यामुळे यूएसबी वायर इकडची तिकडे झाली की पहिला खेळाडू दुसरा होतो. जूनमध्ये पाऊस सुरू होताच वीज गेली आणि मेमरी कार्ड उडालं, तेव्हा सगळं पुन्हा भरताना नेमकं हेच झालं आणि एक अख्खी संध्याकाळ गेली. (रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी कार्डाची एक प्रत आजच काढून ठेवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकत असेल तर चार्जरही बदला, मोबाइलचा जुना चालत नाही.) आता पोर्टांवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत, लाल पहिला, गुलाबी दुसरा.

मे महिन्यात भाचा पंधरा दिवस राहून गेला. त्याला मुस्तफात दुसरी जॉयस्टिक मिळायची. दोन दिवस सहन केलं, मग म्हणाला, "मामा, माझा माणूस लंगडा आहे." मी त्याला चौकोनाचं सगळं शास्त्र समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि पाट उचलून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

गणपतीला तो परत येतोय. पॅनलच्या मधोमध तिसऱ्या दांड्यापुरती जागा आहे, फक्त पॅकमॅनसाठी, कायमची चार दिशांची. चार ठिकाणी चौकशी केली. सगळ्यात स्वस्त त्याच माणसाकडे आहे, ६५० ला. काल मेसेज टाकलाय, निळ्या टिका आल्यात.