लेडीज डब्यातली पुस्तक भिशी: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

पुस्तक भिशी सुरू करावी का, असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून निकाल आधीच सांगते. करावी, पण वाचणारीने पुस्तकात चिठ्ठी ठेवायची हा नियम असेल तरच. चिठ्ठी नसेल तर जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरा, ती स्वस्त पडते आणि पुस्तक हरवलं तर कुणाशी अबोलाही होत नाही.

आमचा ग्रुप डोंबिवलीहून सकाळच्या सीएसएमटी फास्टने जाणारा. पैशांची भिशी, संक्रांतीचं हळदीकुंकू, संध्याकाळच्या गाडीत मटार सोलणं हे सगळं आधीपासून होतंच, त्यात पुस्तकं घुसली. दर महिन्याला प्रत्येकीने 200 रुपये काढायचे आणि जिचा नंबर लागेल तिने त्या पैशांची पुस्तकं आणायची. तीन प्रकार मात्र सक्तीचे: एक ऐतिहासिक कादंबरी, एक हलकीफुलकी सुट्टीतली प्रेमकथा आणि एक जड, म्हणजे इतिहास, चरित्र, विज्ञान, काहीही, फक्त कल्पित नको. ही सक्ती आमच्यातल्या बँकवालीची. तिचं म्हणणं, मोकळं सोडलं तर प्रत्येक जण आपलंच घोडं पुढे दामटणार. पुस्तकं पुढे फिरत राहतात, आणि देणारीने आत एक चिठ्ठी ठेवायची. पुस्तक कशाबद्दल आहे ते लिहायचं नाही, ते मागच्या पानावर छापलेलं असतंच. आपण कुठे अडखळलो, कुठून धरलं आणि कोणत्या दिवसांत वाचलं, एवढंच.

पहिल्या फेरीत या नियमाला सगळ्यांनी नाकं मुरडली. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘संग्रही असावं असं’ अशा चिठ्ठ्या आल्या. त्यांच्या जिवावर पुस्तकं घरी गेली आणि तशीच परत आली. मग हळूहळू बायका खरं लिहायला लागल्या, आणि तिथून ही भिशी कामाची झाली.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ घ्या. 1988 ची कादंबरी, मराठी घरात नाव तरी ठाऊक असतंच. शेवट काय होणार हे शाळेपासून माहीत, म्हणून आमच्यातल्या निम्म्या जणींनी ती कधी उघडलीच नव्हती. भायखळ्याला उतरणारीने चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘शेवट माहीत आहे म्हणून टाळू नकोस. कुंजपुऱ्याचा किल्ला घेतल्यावर आता सगळं निभावेल असं वाटायला लागतं, तिथे जपून. नावांसाठी एक कागद जवळ ठेव. उभ्याने वाचायचं पुस्तक नाही, मनगट जातं.’ या चार ओळींवर ती कादंबरी ग्रुपभर फिरली. मनगटाचं तर शंभर टक्के खरं. एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हातात ते बाड पेलणं अशक्य आहे, ठाण्याला कुणी उठलं तरच ते पिशवीबाहेर येतं.

या भिशीतली सगळ्यात मोठी कमाई मात्र वेगळीच. ऐतिहासिक कादंबरी एकटी फिरवायची नाही, तिच्यामागोमाग त्याच विषयावरचं जड पुस्तक पाठवायचं. ‘पानिपत’च्या मागून त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत : 1761’ आलं. डेक्कन कॉलेजने 1946 मध्ये ते आधी इंग्रजीत काढलं होतं, आम्ही अर्थातच मराठी घेतलं. एरवी हे पुस्तक आमच्या डब्यात कुणी हातात धरलं नसतं. पण कादंबरीत भाऊसाहेबांबरोबर महिना काढल्यावर डोक्यात प्रश्न साचलेले असतात. कुंजपुऱ्याचं धान्य हाती आलं होतं, मग उपासमारीची वेळ का आली? अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा आला, तेव्हा आपले लोक काय करत होते? अवधचा नवाब शुजा त्या बाजूला का गेला? अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसल्या आणि मग 14 जानेवारीचा दिवस उजाडला, हे कादंबरीत आपण सोसतो. शेजवलकरांकडे जायचं ते हिशेब मागायला.

विमा कार्यालयातल्या ताईंनी उलटा क्रम करून पाहिला. आधी शेजवलकर, मग कादंबरी. त्यांना कादंबरीत गोडीच लागेना, प्रत्येक संवादाला ‘याला पुरावा काय?’ असं त्या पुटपुटायच्या. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी कादंबरी.

दुसरी जोडी अशीच जमली, पण तिने भांडणं लावली. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. दोन्ही 1967 ची, हे आम्हाला पहिलं पान उघडून पाहिल्यावरच कळलं. ‘मृत्युंजय’ ऐतिहासिक म्हणायची की पौराणिक, यावरच दादरपर्यंत वाद झाला आणि शेवटी तिला सवलत मिळाली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती गोष्ट येते. कर्णाच्या प्रेमात न पडता त्यातून बाहेर येणारी बाई मी पाहिलेली नाही. आणि त्या प्रेमात असतानाच हातात ‘युगान्त’ पडतं. कर्वेबाई मानववंशशास्त्रज्ञ, त्यांना कुणाची आरती करायची नाही. त्यांचा कर्ण ‘मी कोण?’ या प्रश्नात आयुष्यभर अडकलेला आणि मोक्याच्या वेळी कमी पडणारा माणूस आहे. घाटकोपरची आमची मैत्रीण दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिने पुढच्या चिठ्ठीत लिहिलं, ‘कर्ण आवडत असेल तर हे पुस्तक निदान पंधरा दिवस थांबून वाच. पण वाच.’ यापेक्षा नेमकी शिफारस मी तरी कुठल्या परीक्षणात वाचलेली नाही. शिवाय ‘युगान्त’ बारीक आहे, उभ्याने वाचता येतं.

‘छावा’चं जरा बिनसलं. फेब्रुवारी 2025 मध्ये सिनेमा आला आणि एकाच वेळी अर्ध्या ग्रुपला कादंबरी हवी झाली. प्रत एकच. सोबत वा. सी. बेंद्र्यांचं संभाजी महाराजांचं चरित्र ठेवलं होतं, 1960 चं, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं. कागदपत्रांवर उभं असलेलं दणकट काम आहे, आणि तसंच ते वाचायला लागतं. पहिल्या तिघींनी ते सलग वाचायचा प्रयत्न केला आणि सोडलं. चौथीने चिठ्ठी बदलली: ‘सलग वाचू नकोस. छावा वाचताना शंका आली की यात तेवढंच शोध.’ आता ते कोशासारखं वापरलं जातं. जड पुस्तकाची शिफारस अख्ख्या पुस्तकाची करायची नसते, प्रकरणाची करायची, हे आम्हाला बेंद्र्यांनी शिकवलं.

‘वाचायलाच हवं’ हे दोन शब्द चिठ्ठीवर दिसले की आता आम्ही सावध होतो. बहुतेक वेळा लिहिणारीने स्वतः ते पूर्ण केलेलं नसतं.

या सगळ्या जड मंडळींत एकच पुस्तक असं निघालं की त्याच्यामागे रांग लागली: विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक, घरी कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून निघतो आणि नेमका 1857 च्या बंडात सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा हे गृहस्थ झाशीत. मिळवलेला पैसा लुटला जातो आणि शेवटी खांद्यावर गंगेची कावड घेऊन चालत घरी येतात. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने ‘जरा अती होतंय’ म्हणून परत पाठवलं असतं. चिं. वि. वैद्यांनी ते 1907 मध्ये, लेखकाच्या पश्चात, छापलं. वैद्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी काढली. आम्हाला पोतदारांची हवी होती, ऑनलाइन विक्रेत्याने दुसरीच पाठवली आणि परत घ्यायलाही का-कू केली. मागवण्याआधी संपादकाचं नाव विचारून घ्या, मुखपृष्ठावर सगळ्यांवर तेच शीर्षक असतं.

आता प्रेमकथा. या प्रकाराबद्दल सुरुवातीला सगळ्यांनाच लाज होती. चिठ्ठीवर ‘टाइमपास’ लिहून पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचं, असं दोन-तीनदा झालं. आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, तिने इंग्रजी नाताळच्या प्रेमकथा आणल्या. साचा ठरलेला असतो. मोठ्या शहरातली कामात बुडालेली बाई डिसेंबरात लहान गावी येते, गावात बंद पडत आलेली बेकरी, बेकरीचा मालक विधुर किंवा घटस्फोटित आणि लाकडं फोडणारा, भरपूर बर्फ, एक कुत्रा. शेवट पहिल्या प्रकरणातच कळतो. एप्रिलच्या घामात कुर्ल्याजवळ गाडी थांबलेली असताना हे वाचण्यात एक विचित्र सुख आहे, नाकारत नाही. तिची चिठ्ठी होती: ‘जाता-येता संपेल. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा वाचली, कारण यात कुणी मरत नाही.’

ती चिठ्ठी वाचून आमच्या काकूंनी, ज्या निवृत्तीला आल्यात आणि बेंद्रे हातात घेऊन बसतात, दुसरी मागून घेतली. मग हळूच सांगितलं की लग्नाआधी दादरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून मिल्स अँड बून आणायच्या आणि वहीत लपवायच्या. ती कंपनी 1908 पासूनची आहे, म्हणजे काकूंच्या आजीच्या पिढीतल्या बायकाही कुठेतरी असंच काही लपवत असणार. आणि मराठीत हे नव्हतंच असं कुणी म्हणू नये. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांना नाकं मुरडणाऱ्या घरांनीच त्यांच्या ‘नीलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ 1969 मध्ये रांगा लावून पाहिला.

माझं स्वतःचं मत, या प्रकारात चांगलं-वाईट ठरवणं सगळ्यात कठीण आहे. ऐतिहासिक कादंबरीत निदान तपशील तपासता येतो. इथे लेखिकेने संवाद चटपटीत लिहिलेत की नाही एवढंच, आणि ते शिफारस करणारीच्या कानावर सोडावं लागतं. दोन पुस्तकं इतकी पाणचट निघाली की दिवा स्टेशनाआधीच बंद केली. मराठीत सुट्टीत वाचायचं म्हणजे आपल्याकडे दिवाळी अंक, 1909 च्या ‘मनोरंजन’पासून. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रेमकथेच्या जागी दिवाळी अंक चालतील अशी सूट आम्ही दिली. ती चुकीची ठरली असं मला वाटतं. अंक जास्त आले, वाचले कमी गेले, आणि हलकं वाचायला मिळेना म्हणून कुरकुर झाली.

एक बाहेरची शिफारसही आली. ग्रुपमधल्या एकीची मुलगी लंडनला असते, तिने हिलरी मँटेलची ‘वुल्फ हॉल’ पाठवली. इंग्लंडच्या राजा आठव्या हेन्रीच्या दरबारातला थॉमस क्रॉमवेल, 2009 चं बुकर. त्याच्या ट्यूडर घराण्याशी आपला संबंध इतकाच की त्या राजाच्या सहा बायका होत्या. मुलीने आत एका ओळीची चिठ्ठी ठेवली होती: ‘कोण बोलतंय कळत नसेल तेव्हा “तो” म्हणजे क्रॉमवेल समज.’ ही ओळ नसती तर मी विसाव्या पानाला पुस्तक परत केलं असतं. संपायला पावसाळा गेला, पण संपलं.

त्रासाचं सांगायचं तर पावसाळा हाच मोठा त्रास. जुलैत दारात उभी राहिलात तर पिशवीसकट पुस्तक भिजतं, आमची दोन फुगून दुप्पट झाली. पैशांचं गणितही बसत नाही. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आली की बाकी दोन्हींसाठी फार उरत नाही आणि मग पातळ पुस्तकं शोधली जातात. जड पुस्तक एकीकडे अडकलं की साखळी तुटते, आणि ती बिचारी लाजेने दुसऱ्या डब्यात चढायला लागते, हेही पाहिलंय. पेन्सिलने रेघा माराव्यात की नाही यावर दोन तट आहेत आणि तडजोड झालेली नाही. मी रेघांच्या बाजूची.

ज्यांना सलग तासभर बसायला मिळतं, दोन-चार वेगवेगळ्या वयाच्या बायका ओळखीच्या आहेत आणि नावडलेलं नावडलं म्हणायची सवय आहे, त्यांना ही भिशी मानवेल. सगळ्याच एका आवडीच्या असाल तर मजा नाही, तीच पुस्तकं सगळ्यांच्या घरी निघतात.

पुढच्या महिन्यात नंबर माझा. रणजित देसाईंची ‘स्वामी’ घेणार आहे. ती पुष्कळ घरांत आहे, पण तरुण मुलींनी वाचलेली नाही. सोळाव्या वर्षी पेशवा झालेला आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला संपलेला माधवराव त्यांच्याच वयाचा आहे. तिच्यामागून गो. स. सरदेसायांच्या ‘मराठी रियासत’ या इतिहासग्रंथातला माधवरावांचा भाग, चिठ्ठीत पानांचे आकडे घालून. प्रेमकथा अजून ठरलेली नाही. मराठीतली, अलीकडची आणि तीनशे पानांच्या आतली असेल तर सुचवा, आणि कुठे कंटाळा आला तेही लिहा.