वेलकम बोर्डच्या नावाखाली १९,५०० रुपये गेले. ठाण्यातल्या लग्नघरांनी जरूर वाचा

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं, शलाकाचं, लग्न मार्गशीर्षात झालं. आम्ही राहतो नौपाड्यात, हॉल होता घोडबंदर रोडला. दारातला स्वागत फलक माझ्याकडून, असं मी साखरपुड्यालाच सांगून टाकलं होतं. शाळेत तीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिले, अक्षराचं वेड आहे, त्यामुळे पाहुण्यांना दारात पहिलं जे दिसेल ते मावशीने दिलेलं असावं अशी मनापासून इच्छा होती. त्या फलकापायी माझे १९,५०० रुपये गेले. ते कसे गेले ते नीट सांगते, कारण घडत असताना त्यातलं काहीच मला फसवणुकीसारखं वाटलं नव्हतं.

शलाकाने इन्स्टाग्रामवर एक खातं दाखवलं. पत्ता वागळे इस्टेटचा, रोड आणि गाळा नंबरासकट. गडद हिरव्या अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकवर, आरशासारखी चमकणारी सोनेरी अक्षरं, खाली पैठणीच्या काठाची पट्टी, कोपऱ्यात नथ. पाहताक्षणी आवडला. काळ्यावर सोनेरीही सुंदर दिसत होता, पण शुभकार्यात दारात काळं नको म्हणून आईने तो आधीच बाद केला.

फोन केला तर मुलगा अदबीने बोलणारा. ३ बाय ४ फुटांचा मुख्य बोर्ड, हळदीचा एक छोटा, आणि मुहूर्त, भोजन, वरपक्षाच्या खोल्या व पार्किंग दाखवणारे बाणाचे चार. सगळे मिळून १८,५००. त्यातले ९,००० आगाऊ, ७,५०० बोर्ड तयार झाल्याचा फोटो पाठवल्यावर आणि उरलेले २,००० हॉलवर बोर्ड उभा राहिल्यावर. शेवटच्या त्या दोन हजारांनी मी निर्धास्त झाले. माणूस काम झाल्यावर पैसे घेतोय, मग खोटा कसा असेल? आज कळतं की १८,५०० पैकी १६,५०० तो बोर्ड डोळ्यांनी दिसायच्या आतच मागत होता.

पैसे पाठवताना समोर नाव आलं ते त्याच्या दुकानाचं नव्हतं, कुठल्या तरी भलत्याच व्यक्तीचं होतं. मी विचारलं. "मॅडम, ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीचं काम चालू आहे," असं उत्तर आलं. मी पैसे पाठवले.

पुढचे अठरा दिवस त्याने मला डिझाइनमध्ये गुंतवून ठेवलं, आणि माझी खरी फसगत तिथेच झाली.

पहिल्या नमुन्यात नवऱ्या मुलाचं नाव, ‘सिद्धार्थ’, तुटलं होतं. द आणि ध वेगवेगळे, मधे हलन्त. मी सांगितलं, तासाभरात जोडाक्षर होऊन आलं. मग ‘शलाका’. बहुतेक फॉन्टमध्ये श आणि ल हिंदी वळणाचे येतात. आपला श देठाचा आणि ल पाकळीचा. राज्य शासनाने २००९ मध्ये देवनागरी लिपीचं प्रमाणीकरण केलं तेव्हा मराठीसाठी हीच रूपं धरली होती. वर्गात मुलांना मी हेच शिकवत आले, मग भाचीच्या नावात दुसरं कसं चालवून घेणार? मला वाटलं हा मुलगा वैतागेल. पण त्याने फॉन्ट बदलला आणि देठाचा श, पाकळीचा ल करून पाठवला. सोबत लिहिलं, "मावशी, तुमच्यामुळे आम्हालाही शिकायला मिळालं." त्या दिवसापासून मी त्याची ‘मॅडम’ राहिले नाही, मावशी झाले. इतक्या बारकाईने अक्षर सांभाळणारा माणूस पैसे बुडवेल, हे माझ्या मनाला शिवलंच नाही.

एकूण आठ नमुने आले. ‘श्री गजानन प्रसन्न’ वर मधोमध, ‘सहर्ष स्वागत’ मोठं, वधूचं नाव आधी की वराचं यावर आमच्याकडे दोन संध्याकाळी चर्चा झाली. घरचे सगळे फोनवर बोटांनी फोटो मोठा करून बघायचे. इतकं सगळं बघितलं, पण बोर्ड कशाचा आहे, किती जाडीचा, कोण कापणार, कुठे कापणार, हे आमच्यापैकी एकाने विचारलं नाही. पडद्यावर चित्र दिसलं म्हणजे बोर्ड बनतोय, असं आम्ही गृहीत धरून चाललो होतो.

लग्न रविवारी. बुधवारी रात्री पावणेनऊला मी ‘फायनल’ असं लिहून पाठवलं. सव्वानऊला तयार बोर्डचा फोटो आला. "मावशी, मशीनवर लावूनच ठेवला होता, फक्त तुमच्या होकाराची वाट होती." सोनेरी अक्षरं झगमगत होती, शेजारी पितळी समई, खाली झेंडूची रास. मी ७,५०० पाठवले आणि फोटो सगळ्या नातेवाइकांना पुढे ढकलला.

त्या फोटोत डाव्या बाजूने ऊन आलं होतं. रात्री सव्वानऊला. ‘का’च्या सोनेरी कान्यात एका खिडकीचं आणि माडाच्या झावळीचं प्रतिबिंब होतं. मी तो फोटो निदान वीस वेळा पाहिला असेन, पण मला फक्त पाकळीचा ल दिसत होता.

शुक्रवारी दुपारी दोनला फोन. बोर्ड उभा करायचं लाकडी स्टँड परत न्यायचं असतं, त्याची अनामत ३,०००, सोमवारी परत मिळेल. घरात हळदीची तयारी, रुखवताची बांधाबांध, पाहुण्यांची ये-जा. मी चालता चालता पैसे पाठवले. टेम्पो पाचला येणार होता. सहाला "माजिवड्याला ट्रॅफिक", सातला "कापूरबावडीला अडकलाय". ठाण्याच्या माणसाला ही कारणं खोटी वाटतच नाहीत. आठला रडवेल्या आवाजात फोन, टेम्पोला अपघात झाला, बोर्ड फुटला, "मावशी, तुमचे पूर्ण पैसे आत्ता परत करतो." लगेच एक क्यूआर कोड आला. स्कॅन करा, पिन टाका, १९,५०० खात्यात जमा.

मी पिन टाकायला घेतला होता. भाचा शेजारी उभा होता, त्याने माझ्या हातातून फोन हिसकावला. "मावशी, पैसे घ्यायला पिन लागत नाही! पिन टाकला की पैसे जातात!" यूपीआयचा हा नियम मी बँकेच्या संदेशात कितीतरी वेळा वाचला असेल. त्या घाईत आठवला नाही. पिन टाकला असता तर आणखी तितकेच गेले असते.

भाच्याने रात्री नऊच्या सुमारास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम विचारतात, म्हणून फोन करण्याआधी अ‍ॅपमधून ते कागदावर उतरवून घ्या. नंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर चॅट, फोटो, स्क्रीनशॉट जोडले. आम्ही रागाच्या भरात त्या मुलाला शिव्या घालत बसलो तेवढ्यात त्याने त्याच्या बाजूचे अर्धे संदेश पुसून टाकले होते. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग काय बोलायचं ते बोला. दुपारचे ३,००० समोरच्या खात्यात रोखले गेल्याचं कळलं आहे, माझ्या हातात अजून आलेले नाहीत. आधीचे १६,५०० तोवर पुढे गेले होते.

शनिवारी सकाळी भाचा आणि मी रिक्षाने वागळे इस्टेटला गेलो. घरापासून पंधरा मिनिटांचा रस्ता. अठरा दिवसांत मी एकदाही गेले नव्हते, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. गाळा सापडला. आत रबरी वॉशर बनत होते. तिथल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बोर्डवाला ना? तुम्ही तिसऱ्या."

त्यांनीच दोन गल्ल्या पलीकडे एका खऱ्या कारागिराकडे पाठवलं. त्याने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फाइल द्या, कर्व्ह केलेली." माझ्याकडे फाइल नव्हती, होते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, उणेपुरे दीड हजार पिक्सेलचे. ३ बाय ४ फुटांवर इंचाला शंभर ठिपके, म्हणजे पिक्सेल, धरले तरी ३६०० बाय ४८०० लागतात. बरं, कर्व्ह म्हणजे अक्षरांची रेषाचित्रं करून टाकणं. ते केलं नसेल आणि छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल, तर वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं तुटतात. इंग्रजी बोर्डाला याचा फारसा त्रास होत नाही, मराठीला होतो. आठ नमुने पाठवणाऱ्याकडे ही फाइल मी एकदा जरी मागितली असती तरी तो उघडा पडला असता.

कारागिराने तो ‘तयार बोर्ड’ पाहिला आणि म्हणाला, "हा मॉकअप आहे ताई. रिकामा बोर्ड, समई, झेंडू सगळं आधीच असतं, नावं फक्त बदलायची." भाच्याने तिथेच तो फोटो गूगल लेन्सवर टाकला. तीच समई, तोच माड, नावं वेगवेगळी, तीन ठिकाणी.

मग कारागिराने मला खरी शीट दाखवली. अ‍ॅक्रिलिकच्या दोन्ही बाजूंना तपकिरी कागद चिकटवलेला असतो. कोपरा नखाने उचलून ओढला की चर्रर्र आवाज करत निघतो आणि खालून पाण्यासारखा स्वच्छ पृष्ठभाग येतो. ३ मिलिमीटरची शीट एवढ्या आकारात हातात धरली तर वाकते, ५ ची ताठ उभी राहते. शेजारी सनबोर्ड होता, म्हणजे फोमची हलकी शीट, त्यावर नख दाबलं की खूण उठते. सनबोर्डवर सोनेरी विनाइल लावून ‘अ‍ॅक्रिलिक’ म्हणून विकणारेही आहेत, तेव्हा कडेची जाडी बघून घ्यायची असं त्याने सांगितलं. वेळ कमी होता म्हणून त्याने मुख्य बोर्ड तेवढा ५ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये करायचं कबूल केलं. बाणाचे बोर्ड सनबोर्डवर, आणि हळदीच्या बोर्डाचा नाद सोडला. हळद तासाभरावर आली होती. नावं त्याने माझ्यासमोर बसून टाइप केली. श देठाचा, ल पाकळीचा, मला सांगावंही लागलं नाही, त्याच्याकडे मराठी फॉन्ट होताच. आगाऊ २,००० घेतले, बाकीचे बोर्ड रिक्षात चढल्यावर.

घरी येऊन त्या खोट्या दुकानाचं कोटेशन काढलं. त्यावर पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला होता, सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा कोड २७ आहे, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांक टाकून नाव बघता येतं. बघितलं तर दिल्लीतल्या एका कापड व्यापाऱ्याचं नाव निघालं, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. लहान कारागिरांकडे जीएसटी नसतो आणि त्यात काही गैर नाही. पण जो छापतो त्याचा तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावावर दाबलं की ‘या खात्याविषयी’ अशी माहिती येते. खातं कधी उघडलं आणि आधी किती वेळा नाव बदललं, ते त्यात दिसतं. हे चार महिन्यांपूर्वीचं होतं, तीनदा नाव बदललेलं.

बोर्ड ठरवताना पैसे द्यायच्या आधी एकदा तिथे जा. जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर शीट दाखवायला सांगा आणि त्या तपकिरी कागदावर तुमच्यासमोर पेनने वधूचं नाव लिहायला लावा. खऱ्या कारागिराला याचा राग येत नाही, मी विचारून घेतलं आहे.

बहिणीला रविवारी सकाळपर्यंत काही कळू दिलं नाही. हॉलच्या दारात बोर्ड ठेवला तेव्हा त्यावर कागद तसाच होता. तो शलाकाने हिरव्या चुड्याच्या हातांनी ओढून काढला. मागच्या आठवड्यात तिचाच मेसेज आला. नव्या नावाचं एक खातं, पत्ता नव्या मुंबईतला. हिरवा बोर्ड, समई, झेंडू आणि सोनेरी कान्यात माडाची झावळी. त्यावर दोन नवी नावं आहेत आणि पुढच्या महिन्याची तारीख. पोर्टलवर मी माझ्या तक्रारीत ते जोडलं आहे, पण त्या घरापर्यंत पोचायला माझ्याकडे दुसरा मार्ग नाही, म्हणून हे लिहिलं.